खवल्यांतून साप ओळखणारा डॉक्टर

पावसाने जोर धरला की नंदुरबार जिल्ह्यातल्या ओढ्या-नाल्यांत दिवड हटकून दिसतो. नवापूरजवळून वाहणारी रंगावली असो, शहाद्याची गोमाई असो, की भाताच्या खाचरात साठलेले गुडघाभर पाणी, मासे आणि बेडूक जिथे असतील तिथे हा साप असतोच. बुद्धिबळाच्या पटासारखी पाठ, डोळ्याच्या खाली आणि मागे तिरक्या दोन काळ्या रेघा, आणि पाण्याबाहेर जेमतेम डोळे व नाकपुड्या. काठाच्या गवतात शरीराचा मागचा भाग अडकवून तो निश्चल पडून राहतो. लहानसा मासा टप्प्यात आला की मान वळते, तोंड मिटते आणि पाण्यावर एक वर्तुळ तेवढे उरते. मासा तो डोक्याकडून गिळतो. बेडकाच्या बाबतीत मात्र एवढा शिष्टाचार नाही. बहुधा मागचा पाय हाती लागतो आणि बेडूक जिवंतपणीच, ओरडत ओरडत आत जातो. या सापाजवळ विषदंत नाहीत आणि अजगरासारखा विळखा घालण्याची कलाही नाही. आहेत ते मागे वळलेले बारीक दात आणि चिकाटी.

एवढ्यात कोणी जवळ आले की दिवड पुढचा भाग उचलतो आणि मान चपटी करतो. भेदरलेल्या माणसाला तो फणाच वाटतो. मग काठी पडते. काठी चुकली तर दिवड कडकडून चावतो, जखमेतून रक्त वाहते आणि घरात रडारड सुरू होते. साप विषारी होता की नाही, हा प्रश्न त्या घटकेला साऱ्या घराचा जीव टांगणीला लावतो. या एका प्रश्नाचे उत्तर कोणालाही, नुसत्या डोळ्यांनी, देता यावे म्हणून ज्याने आयुष्यातली तीसहून अधिक वर्षे घालवली, तो माणूस लष्करातला डॉक्टर होता. त्याचे नाव कर्नल फ्रँक वॉल. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी विषारी साप ओळखण्याची त्यांची रीत परीक्षेपुरती पाठ केली; तिच्यामागचा माणूस मात्र भारतात सर्पअभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा पोहोचला नाही.

वॉल यांचा जन्म १८६८ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, नुवारा एलिया या थंड हवेच्या डोंगरगावी झाला. वडील जॉर्ज वॉल हे कॉफीच्या मळ्यांचे मोठे प्रस्थ. पण त्यांचे मन व्यापाराइतकेच नेच्यांमध्ये रमलेले असे. सिलोनच्या नेच्यांची त्यांनी केलेली यादी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली. वस्तू गोळा करायची, तिला नाव द्यायचे आणि ती नेमकी कुठे सापडली ते लिहून ठेवायचे, हे वळण मुलाला घरातूनच मिळाले असावे. पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण झाले, लंडनमध्ये वैद्यकीची पदवी झाली आणि १८९३ मध्ये फ्रँक वॉल इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

त्या काळच्या हिंदुस्थानात सरकारी दप्तरात सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला वीस हजारांच्या घरात नोंदले जात. खेड्यापाड्यांतून न नोंदलेले किती, याची गणतीच नव्हती. सरकारने यावर काढलेला तोडगा सरकारी थाटाचाच होता. विषारी साप मारून आणा आणि इनाम घेऊन जा. दरवर्षी लाखो साप मारले जात. त्यांतले विषारी कोणते आणि निरुपद्रवी कोणते, हे इनाम देणाऱ्या कारकुनाला ठाऊक नसे आणि घेणाऱ्याला ठाऊक असण्यात फायदा नसे. धामण, दिवड, तस्कर, सगळेच त्या हिशेबात गेले. सर जोसेफ फेअरर यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा भव्य ग्रंथ १८७२ मध्ये निघाला होता, पण त्याचा आकार आणि किंमत पाहता तो दवाखान्याच्या टेबलावर येण्यासारखा नव्हता. उपचारांची स्थिती तर त्याहून बिकट. प्रतिविष पहिल्यांदा तयार झाले ते १८९० च्या दशकात, फ्रान्समध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जखम चिरून तीत पोटॅशियम परमँगनेट भरण्याची टूम निघाली आणि त्यासाठी खास बनवलेल्या छोट्या सुऱ्या गावोगाव वाटल्या गेल्या. उपयोग शून्य. चावलेला साप बिनविषारी असेल तर रुग्ण वाचे, आणि श्रेय सुरीला मिळे.

डॉक्टरापुढे असलेला हा गोंधळच वॉल यांनी आपला विषय केला. साप कोणता हे कळत नसेल तर कोणत्या उपचाराने गुण आला हेही कधी कळणार नाही, इतका साधा तो विचार होता. त्यासाठी रंग आणि नक्षी यांच्यावर भिस्त ठेवून चालणार नव्हते. एकाच जातीचे साप वयानुसार आणि प्रदेशानुसार रंग बदलतात. दिवडच एका ठिकाणी ठळक चौकड्यांचा दिसतो, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ एकरंगी. खवल्यांची संख्या आणि मांडणी मात्र बरीचशी स्थिर असते. वॉल खवले मोजू लागले.

हे मोजमाप जगापुढे आले ते मुंबईमुळे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. सोसायटीचा संसार सुरुवातीची अनेक वर्षे हर्बर्ट फिप्सन या मद्यविक्रेत्याच्या पेढीत थाटलेला होता. फिप्सन यांना जिवंत साप पाळण्याची हौस, त्यामुळे या मंडळात सापाचे नाव निघाले तर कोणी नाक मुरडत नसे. १८८६ पासून सोसायटीचे जर्नल निघू लागले. छावणीतले अधिकारी, चहाचे मळेवाले, जंगलखात्याचे लोक आणि मिशनरी त्यात लिहीत. वॉल या जर्नलचे असे काही लेखक झाले की एका पिढीला साप आणि वॉल ही नावे जोडीनेच वाचण्याची सवय लागली. त्यांचे शास्त्रीय लेख दोनशेहून अधिक भरतात आणि त्यांतला मोठा वाटा मुंबईच्या या जर्नलचा आहे.

त्यांच्या कामाची पद्धत पाहायची तर कण्णूरचे उदाहरण घ्यावे. मलबारच्या किनाऱ्यावरच्या या छावणीत ५ नोव्हेंबर १९०३ ते ५ ऑगस्ट १९०४ या नऊ महिन्यांत जमवलेल्या सापांवर त्यांनी लेख लिहिला, आणि या दोन तारखा लेखाच्या शीर्षकातच घातल्या. नेमकेपणाचा हा सोस त्यांच्या साऱ्या लिखाणात आहे. पुढे फैजाबाद, वरचा आसाम, दार्जिलिंग, चित्रळ, निलगिरी, ब्रह्मदेश असे जिथले म्हणून साप हाताशी आले, तिथल्या तिथल्या सापांची अशीच यादी तयार होई. साप आला की लांबी, शेपटीची लांबी, नर की मादी, पाठीवर खवल्यांच्या रांगा किती, पोटाच्या पट्ट्या किती, ओठाचे खवले किती, त्यांतले डोळ्याला भिडणारे कितवे, हे सारे वहीत जाई. मग पोट उघडले जाई. आत बेडूक आहे की मासा की उंदीर, गर्भाशयात अंडी किती, ती किती वाढलेली, महिना कोणता.

सापाची शिकार ओढ्याकाठी बसून पाहणे ही एक रीत झाली. तीत नशीब लागते, आणि शंभर तास बसल्यावर एखादी झडप दिसते. डॉक्टर असलेल्या वॉल यांनी दुसरी रीत निवडली. शिकार होऊन गेल्यावर पोटात जे उरते, त्यावरून ती वाचायची. एका सापाच्या पोटातला बेडूक काहीच सांगत नाही. पण शेकडो सापांची पोटे महिनावार उघडली की कोणता साप पाण्यात जेवतो, कोणता झाडावर, कोणता उन्हाळ्यात उपाशी राहतो आणि कोणता पिलू असताना वेगळे व मोठेपणी वेगळे खातो, हे दिसू लागते. हिशेबनीसाचेच काम ते. रोमहर्षक मुळीच नाही. पण भारतीय सापांच्या आहाराबद्दल आणि विणीबद्दल पुढच्या पुस्तकांत जे छापले गेले, त्यातले पुष्कळसे या वहीतून उतरलेले आहे.

१९०५ पासून जर्नलमध्ये सर्वसामान्य भारतीय सापांवरची त्यांची लोकप्रिय लेखमाला सुरू झाली आणि १९१९ पर्यंत चालली. पंचवीसहून अधिक भाग, सोबत रंगीत चित्रपत्रे. प्रत्येक सापासाठी ठरलेला साचा असे. शास्त्रीय नाव, त्याचा अर्थ, निरनिराळ्या भाषांतली देशी नावे, ओळखीच्या खुणा, वस्ती, स्वभाव, सवयी, खाद्य, वीण, वाढ, शत्रू, प्रसार आणि शेवटी खवल्यांचा तपशील. नागाला हा साचा लावला तर नवल नाही. वॉल यांचे वेगळेपण असे की त्यांनी तो दिवडालाही तेवढ्याच गांभीर्याने लावला. ज्या सापाला मारून फेकण्यापलीकडे कोणी लक्ष दिले नव्हते, त्याचे चरित्र या मालिकेत लिहिले गेले.

दिवडाची शास्त्रातली वंशावळही मोठी गंमतीची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणला असलेले डॉ. पॅट्रिक रसेल, ज्यांचे नाव इंग्रजीत घोणसाला चिकटले आहे, यांनी कोरोमंडल किनाऱ्याच्या सापांचा ग्रंथ १७९६ मध्ये काढला. त्यातल्या एका चित्रातल्या सापाला जर्मन पंडित योहान श्नायडर यांनी १७९९ मध्ये पिस्केटर हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मासेमार. तेव्हापासून या सापाचे कुळनाव अनेकदा बदलले. वॉल यांच्या काळी ते ट्रॉपिडोनोटस होते, पुढे नॅट्रिक्स, मग झेनोक्रोफिस, आणि अलीकडे फाउलिया. मासेमार हे नाव मात्र सव्वादोनशे वर्षे टिकून आहे.

पाण्याकाठच्या सापांशी वॉल यांचा संबंध दिवडावर संपला नाही. ईशान्येच्या डोंगरात, जिथे बारमाही झरे सदाहरित अरण्यातून वाहतात, दिवडाचे नातेवाईक असलेले कितीतरी छोटे साप आहेत. ते कोणाला चावत नाहीत आणि कोणाच्या नजरेत भरत नाहीत. १९०७ मध्ये वॉल यांनी अशाच एका सापाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या शेपटीखालचे खवले नातेवाइकांसारखे जोडीजोडीने नव्हते, एकेक सलग होते. तेवढ्यावरून ही जात निराळी, हे त्यांनी ओळखले आणि विचित्र शेपटीचा या अर्थाचे झेनुरा हे नाव दिले. इंग्रजीत हा साप आज वॉल यांच्याच नावाने ओळखला जातो. १९०८ मध्ये काळ्या मण्यारीची जात त्यांनी प्रथम नोंदली, १९०९ मध्ये समुद्रसापांवरचा प्रबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने काढला. ही यादी लांबवता येईल.

पण सामान्य माणसाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे विषारी भूचर सापांवरचे छोटे पुस्तक. मुंबईच्या सोसायटीने ते १९०७ मध्ये काढले आणि १९२८ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. त्यातली रीत अशी. आधी शेपटी पाहा. वल्ह्यासारखी चपटी असेल तर समुद्रसाप, म्हणजे विषारी. शेपटी गोल असेल तर साप उताणा करा. पोटाच्या पट्ट्या आडव्या अरुंद असतील आणि दोन्ही बाजूंना पोहोचत नसतील तर भीती नाही. पट्ट्या पोटभर रुंद असतील तर डोके पाहा. डोक्यावर बारीक खवले असतील तर घोणस किंवा फुरसे यांचे कूळ. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असेल तर चापड्याचे. डोक्यावर मोठे खवले असतील तर वरच्या ओठाचा तिसरा खवला पाहा. तो एकीकडे डोळ्याला आणि दुसरीकडे नाकाच्या खवल्याला भिडत असेल तर नाग किंवा त्याचे भाऊबंद. तसे नसेल, पण पाठीच्या कण्यावरची खवल्यांची रांग मोठी षट्कोनी असेल आणि खालच्या ओठाचा चौथा खवला सर्वांत मोठा असेल, तर मण्यार.

या चाळणीतून दिवड घालून पाहावा. शेपटी गोल, पोटाच्या पट्ट्या रुंद, डोक्यावर मोठे खवले. इथवर तो नागाच्या बरोबरीने येतो. पण त्याच्या वरच्या ओठावर नऊ खवले असतात आणि डोळ्याला भिडतात ते चौथा व पाचवा. तिसऱ्याचा डोळ्याशी संबंध नाही. पाठीवर षट्कोनी रांगही नाही. साप बिनविषारी. भिंग असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यातल्या सहायकालाही हा निवाडा करता येई आणि त्यासाठी त्याला प्राणिशास्त्र शिकावे लागत नसे. ज्ञान लोकांच्या हाती देणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे.

या कामाची दुसरी बाजूही पाहायला हवी. वॉल यांची रीत चालवायची तर साप मेलेला आणि हातात असावा लागतो. त्यांचे स्वतःचे ज्ञान तर मेलेल्या सापांच्या राशीवरच उभे होते. तो काळच तसा होता, हे खरे. पक्ष्यांचे अभ्यासकही तेव्हा बंदूक घेऊनच रानात शिरत. पण इनामासाठी मारलेला साप आणि शास्त्रासाठी मारलेला साप यांत सापाच्या बाजूने काही फरक नव्हता. शिवाय हे साप आणून देणारे गारुडी, शिकारी, मळ्यांवरचे मजूर यांच्या हातून जे ज्ञान वॉल यांच्या वहीत आले, ते वहीत राहिले आणि माणसे बव्हंशी निनावी गेली. देशी नावे त्यांनी आस्थेने टिपली. ती नावे सांगणारे कोण होते, ते आज शोधून सापडणार नाही.

उतारवयात त्यांनी जन्मभूमीचे ऋण फेडले. सिलोनच्या सापांवरचा त्यांचा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ १९२१ मध्ये कोलंबोत प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये कर्नल म्हणून ते निवृत्त झाले आणि इंग्लंडला परतले. १९४३ मध्ये माल्कम स्मिथ यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या सापांवरचा प्रमाणग्रंथ लिहिला. तो ज्या पायावर उभा आहे, त्यात वॉल यांच्या नोंदींचे दगड ठायी ठायी दिसतात. १९५० मध्ये बोर्नमथ येथे वॉल यांचे निधन झाले. तोपर्यंत हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता.

त्यांच्या रीतीचे दवाखान्यातले स्थान आता बदलले आहे. चावलेला साप मारून किंवा पकडून आणू नका, त्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होण्याचा धोका असतो, असे आजचे डॉक्टर सांगतात. निदान रुग्णाच्या लक्षणांवरून होते. पापण्या जड होऊन मिटू लागल्या की नाग किंवा मण्यार यांचा संशय. रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत वीस मिनिटे ठेवूनही गोठले नाही की घोणस किंवा फुरसे यांचा. भारतात मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे त्यांच्यातला नेमका कोणता याचा खल करण्याची घाई नसते. मृत्यूंचा आकडा मात्र खाली आलेला नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि निम्मे पावसाच्या चार महिन्यांत झालेले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली.

धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या दुर्गम पाड्यांत, जिथे रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या आजवर अनेकदा आल्या, तिथे वॉल यांचा मूळ प्रश्न तसाच ताजा आहे. दिवड चावलेल्या माणसावर भगताने मंत्र घातला, तर माणूस वाचतो आणि मंत्राची ख्याती वाढते. पुढच्या वेळी मण्यार चावते, दंशाची खूणही धड दिसत नाही, आणि त्या ख्यातीपायी पहाट होते. परमँगनेटच्या सुरीला श्रेय मिळाले त्याच चालीने हे घडते. म्हणून जखम झाली की आधी दवाखाना गाठायचा, आणि सापांची ओळख करून घ्यायची ती कोणी चावण्याआधी, चांगल्या दिवसांत, दुरून पाहून. महाराष्ट्रातल्या सर्पमित्रांच्या पुस्तकांत खवल्यांच्या ज्या आकृत्या असतात, त्यांचा उपयोग आज या दुसऱ्या कामासाठी होतो.

वॉल यांच्या नावाचा एक साप महाराष्ट्राच्या पठारावरही आहे. अल्बर्ट गुंथर यांनी १८६६ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून एका सडपातळ, गुळगुळीत अंगाच्या, बिनविषारी सापाचे वर्णन केले होते. फ्रांझ वेर्नर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९२९ मध्ये वॉल यांच्या सन्मानार्थ त्याच्यासाठी वॉलोफिस असे स्वतंत्र कूळ कल्पिले. ते फार काळ मान्य राहिले नाही. साप दुसऱ्या कुळात ढकलला गेला आणि नाव कागदात पडून राहिले. भारतीय संशोधकांनी या सापाची जनुके तपासली, तेव्हा तो खरोखरच वेगळ्या कुळाचा निघाला आणि २०१७ मध्ये वॉलोफिस हे नाव पुन्हा प्रचारात आले. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश यांपलीकडे हा साप फारसा आढळत नाही. दिवडासारखाच तोही माणसाला निरुपद्रवी आहे आणि दिवडासारखाच, दिसला की बहुधा मारला जातो.